कांबळ्यापलीकडची हेन्या

१

फ्रिमेतची दुपार ठरलेली असे. मोठ्या स्वयंपाकघरातून सूप आणायचं, नवऱ्याचं झाकून ठेवायचं, लंगोट धुऊन खिडकीतल्या दोरीवर टाकायचे आणि मग पोरीला पाजायला घेऊन बसायचं. जर्मनीत, बव्हेरियातल्या त्या यहुदी निर्वासितांच्या छावणीत सगळ्या लेकुरवाळ्यांच्या दुपारी अशाच जायच्या. जर्मन सैनिकांची जुनी बराक होती ती. एकेका लांबलचक दालनात दहा-बारा कुटुंबं, आणि दोन कुटुंबांच्या मध्ये दोरीवर टाकलेलं करडं लष्करी कांबळं. भिंतीला कान असतात म्हणतात. इथं भिंतच नव्हती, नुसते कानच होते. कुणाला ढेकर आला, कुणाचं बिनसलं, कोण रडून झोपलं, सगळं सगळ्यांना ठाऊक.

लढाई संपून दोन वर्षं होत आली होती. जो तो कुठंतरी जायची वाट बघत होता. कुणी अमेरिका म्हणे, कुणी पॅलेस्टाइन. पोलंडमधल्या आपल्या घरी जायचं नाव मात्र कुणी काढत नसे. जे जाऊन आले होते, त्यांना आपल्याच घराचं दार कुणी उघडलं आणि उघडून काय म्हटलं, हे एव्हाना सगळ्या छावणीला पाठ झालं होतं.

त्या दुपारी फ्रिमेत पोरीला म्हणाली, "हेन्या, उठ गं बाई. जेवायची वेळ झाली."

"हं, आले," असं उत्तर आलं.

पोर तीन महिन्यांची होती. फ्रिमेतला हसूच आलं. डावीकडच्या कांबळ्यापलीकडे कुणीतरी कुणाला तरी म्हणालं असेल. तिनं पोरीला पाजलं, ढेकर काढला आणि लंगोटांच्या घड्या घालायला घेतल्या. तिसऱ्या घडीला तिचा हात थांबला. डावीकडचं कुटुंब वल्हांडणाच्या सणाआधीच गुपचूप ट्रकमध्ये बसून सरहद्दीपलीकडे गेलं होतं. तिथं आता नुसती एक लोखंडी खाट होती.

तिनं कांबळं बाजूला करून बघितलं. खाट होती. खाटेवर पेंढ्याची गादी होती. बाकी काही नव्हतं.

२

यहुदी लोकांत तान्ह्या मुलाला जिवंत माणसाचं नाव देत नाहीत. नाव ठेवायचं ते गेलेल्याचं. म्हणजे गेलेल्याला पुन्हा कुणीतरी रोज हाक मारतं आणि त्याचं नाव मातीत जात नाही. पण माणूस जिवंत असताना त्याचं नाव पाळण्यात घातलं, की एका नावाचे दोन धनी होतात. मृत्युदूताजवळ नाव असतं, पत्ता नसतो. तो यायचा एकासाठी आणि उचलायचा दुसऱ्याला.

रीत चांगली आहे. अडचण एकच, कोण गेलं हे आधी ठाऊक असावं लागतं. पूर्वी ते सोपं होतं. गावाबाहेर दफनभूमी होती, तिथं दगड होता, दगडावर नाव होतं. आता माणसं गेली होती ती दगडाशिवाय, मातीशिवाय, धूर होऊन. त्यामुळे 'मी डोळ्यांनी पाहिलं' असं म्हणणारा एखादा भेटला, की तोच दगड आणि तीच दफनभूमी.

फ्रिमेतला अशी एक बाई भेटली होती. तिच्याच गावची. ती म्हणाली, "तुझी धाकटी बहीण हेन्या बर्फात पडली. आम्ही रांगेत चालत होतो. जो पडेल त्याला ते तिथंच गोळी घालायचे. मी डोळ्यांनी पाहिलं. हिरवा रुमाल होता डोक्याला."

हेन्याकडे हिरवा रुमाल कधीच नव्हता. पण तिथं कुणाकडे कुणाचं काय होतं, हे कुणी सांगावं?

नवरा झेलिग विजेची कामं करणारा, सरळ डोक्याचा माणूस. त्याला पोरीचं नाव शिफ्रा ठेवायचं होतं. "माझी आई. लढाईत रशियात पळालो तेव्हा ताश्कंदजवळ मी स्वतःच्या हातांनी पुरलीय तिला. एवढी खात्रीची मयत अख्ख्या छावणीत शोधून सापडायची नाही," असं तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंसं वाटलं.

"हेन्याच्या मागं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही," फ्रिमेत म्हणाली. "मी नाही ठेवलं तर तिचं नाव कोण ठेवणार?"

"आणि तुलाही लोकांनी मेलेली पाहिलंय, ते?"

हे खरं होतं. फ्रिमेत आपल्या सोनेरी केसांच्या जोरावर एका शेतकऱ्याकडे ख्रिस्ती मोलकरीण होऊन राहिली आणि वाचली. पण जर्मनांनी यहुद्यांची वस्ती रिकामी केली त्या दिवशी तिला पुलाजवळ गोळी लागली, असं गावातल्या उरल्यासुरल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. छावणीत आल्यावर एक गृहस्थ तिचं मरण तिलाच सांगून ढसाढसा रडला होता.

तरी शेवटी बायकोचंच चाललं. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, झेलिग घोड्यांच्या जुन्या तबेल्यात मांडलेल्या प्रार्थनाघरात गेला, धर्मग्रंथासमोर उभा राहिला, आणि पोरीचं नाव हेन्या म्हणून पुकारलं. लोकांनी 'अभिनंदन, अभिनंदन' केलं, हेरिंग माशाचा एकेक तुकडा खाल्ला आणि पांगले.

३

त्या पहिल्या 'आले'च्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. "हेन्या, बघू तो हात." पलीकडून, "हं, आले."

फ्रिमेत काही खुळी नव्हती. तीन वर्षं खोट्या नावानं परक्याच्या घरात काढणाऱ्या बाईचे कान शाबूत असतात. तिनं आधी विचार केला, की छावणीत दुसरी हेन्या असणार. शोधली तर निघालीच एक, स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी, पन्नाशीची. फ्रिमेतला इतकं बरं वाटलं, की तिनं त्या बाईचे अर्धे बटाटे सोलून दिले.

"तुम्ही दुपारी आमच्या दालनात येता का हो?"

"मी? दुपारी?" ती हेन्या म्हणाली. "बाई, या बटाट्यांच्या राशीतून मला बाहेर काढायला अमेरिकन रणगाडा आणावा लागेल."

तिचा आवाजही घोगरा होता. कांबळ्यापलीकडचा आवाज तसा नव्हता. तो कामात गुंतलेल्या तरुण मुलीचा होता. नुसतं 'आले' म्हणायचं आणि यायचं नाही, असला. फ्रिमेतच्या माहेरी बहीण हेन्या चुलीमागं पुस्तक घेऊन बसायची. आईनं हाक मारली की "हं, आले." आई म्हणायची, "हिचं 'आले' म्हणजे पुढच्या वर्षीचं." हे आठवलं आणि फ्रिमेतच्या हातातली सुरी बटाट्यातच राहिली.

दालनात परत आल्यावर तिनं पोरीला पाजायला घेतलं आणि मुद्दाम, मोठ्यानं हाक मारली, "हेन्या!"

"हं, आले."

या वेळी तिनं पोरीकडे बघितलं. उत्तर आलं त्याच क्षणी पोरीचे ओठ सुटले आणि दूध हनुवटीवरून खाली ओघळलं. पोर रडली नाही. आपली पाळी कुणीतरी घेतली म्हणून बाजूला सरून उभं राहावं, तशी ती गप्प झाली.

४

पोर वाळायला लागली. अंगात ताप नाही, जुलाब नाहीत, खोकला नाही. छावणीच्या डॉक्टरनं तिला उलटीसुलटी करून बघितली आणि डब्यातलं दूध लिहून दिलं. तेही ती चार घोट प्यायची आणि सोडायची.

झेलिगनं कांबळ्यापलीकडची खाट हलवून बघितली, भिंत ठोकून बघितली, खालच्या नळावर कान लावला. "नळातून आवाज चढतो," तो म्हणाला. "खालच्या मजल्यावर कुणी बोललं की वर ऐकू येतं. शास्त्र आहे हे."

"नळ 'आले' म्हणतो?"

"तुझं म्हणशील तर तू काय कमी आहेस? परवा सूप खाता खाता एकदम 'हं?' म्हणालीस. मी म्हटलं, कुणी हाक मारली? तर कुणीच नाही. काल लंगोट पिळताना पुन्हा 'हं?' अगं, आपल्या सगळ्यांचंच आहे हे. इतकी वर्षं हजेरीला, हुकमाला 'हं' म्हणत काढली. झोपेतसुद्धा म्हणतो आपण."

फ्रिमेतला ते आठवेना. पण झेलिग खोटं बोलणारा नव्हता. हाक आल्यासारखं वाटून माणूस 'हं' म्हणतोच की, यात विशेष ते काय, असं तिनं मनाला समजावलं.

"जीव जाईल माझा हिला काही झालं तर," ती म्हणाली.

झेलिगनं पोरीचं पाऊल आपल्या मुठीत धरलं आणि तसंच धरून बसला.

५

उजवीकडच्या कांबळ्यापलीकडे डोबामावशी राहायची. एकटी, साठीची, तोंडानं फटकळ. लढाईत ती एका तळघरात लपून राहिली होती, आणखी बऱ्याच माणसांबरोबर, वर शिपायांचे बूट वाजले की श्वास रोखून. त्या माणसांत एक तान्हं मूल होतं, आणि तळघरातून बाहेर पडताना ते नव्हतं. त्याबद्दल तिला कुणी विचारत नसे. ती पोरीला खेळवायची, पण उचलून मात्र कधी घ्यायची नाही.

कांबळ्यातून तिला सगळं ऐकू गेलंच होतं. एक दिवस ती आली आणि खाटेच्या कडेला बसली.

"तुझी बहीण जिवंत आहे," ती म्हणाली.

"मावशी, असलं काही बोलू नका."

"का? जिवंत असलेली नको का तुला? एका नावाच्या दोघी झाल्यात. तू हाक मारतेस, ती जिथं असेल तिथं ओ देते बिचारी. तिला काय ठाऊक की हाक तिच्यासाठी नाही? आणि ओ देणारी एक झाली, की दुसरीचं काम संपलं. ही बघ कशी संपत चाललीय."

"आणि ती मेलेली असली तर?" फ्रिमेत म्हणाली. "मी हिचं नाव बदललं तर हेन्याचं नाव घेणारं या पृथ्वीवर कुणी उरणार नाही, मावशी. कुणीच नाही."

"मेलेल्याला थांबता येतं," डोबा म्हणाली. "पोरीला येत नाही."

आजाऱ्याचं नाव बदलणं ही रीत जुनीच. पोरीला आल्ते म्हणायचं ठरलं. आल्ते म्हणजे म्हातारी. मृत्युदूत तान्ही पोर शोधत येतो, बघतो तर घरात म्हातारी. चुकलो म्हणतो आणि जातो. आणि हे नाव कुणा एकीचं नसतं, त्यामुळे कुणी धनी होऊन मागायला यायचा प्रश्न नाही. झेलिगनं 'अडाणीपणा आहे सगळा' असं म्हणत कोट चढवला आणि सगळ्यांच्या आधी तबेल्यात जाऊन उभा राहिला.

त्याच आठवड्यात पोर प्यायला लागली. गालावर रंग आला. "आल्ते, आल्तेले," असं फ्रिमेत लाडानं म्हणायची आणि पोर खुदकन हसायची. कांबळ्यापलीकडून ओ आली नाही. फ्रिमेत कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. हेन्या जिवंत आहे, हे ती अजून कुणाला बोलून दाखवत नव्हती. पण झेलिग दिसला नाही की छावणीच्या फलकावर हरवलेल्यांची चिकटवलेली नावं वाचत उभी राहायची.

६

मग पलीकडून हाक यायला लागली.

"फ्रिमेत."

ती खिडकीशी लंगोट वाळत घालत होती. "हं?" म्हणून वळली तर कुणी नाही. पुन्हा हाक आली, हळू, लाडानं, "फ्रिमेत, फ्रिमेतले." मोठ्या बाईला अशी हाक कुणी मारत नाही.

ती कांबळ्याजवळ गेली. दोन कांबळी टाचणीनं जोडली होती, मध्ये बोटभर फट होती. तिनं डोळा लावला.

लोखंडी खाट नव्हती. उतरतं, चुना फासलेलं छत होतं. उजेड भलत्याच बाजूनं येत होता. या बराकीत त्या बाजूला खिडकीच नाही. सफरचंदाच्या खोक्याचा पाळणा होता आणि त्याच्यावर एक बाई वाकली होती. तिची पाठ दिसत होती. सुईत दोरा ओवताना हेन्याची मान डावीकडे कलायची, तशी मान कलली होती. डोक्याला हिरवा रुमाल होता.

"फ्रिमेत, पी गं राणी. थोडं पी ना," बाई म्हणत होती.

पाळण्याच्या कडेवरून एक लहानसा हात लोंबत होता. काडीसारखा. नखं निळी पडली होती.

आनंद झाला नाही असं नाही. तो उरात एकदम इतका भरला, की फ्रिमेतला बोलायचं नव्हतं तरी तोंडातून निघून गेलं, "हं."

लोंबणारा हात लुळा पडला. बाईची पाठ ताठ झाली. जिन्यावर बूट वाजले की माणसं कशी ताठ होतात, ते फ्रिमेतनं पाहिलं होतं. ही अगदी तशी. आपल्याच बहिणीला आपली इतकी भीती वाटावी, हे तिला सहन होईना. बाईचा खांदा हळूहळू वळायला लागला. तोंड दिसायच्या आत फ्रिमेतनं डोळा फटीपासून बाजूला घेतला आणि ती मागे सरली.

लहानपणी दोघी पुरिमच्या सणाला वडिलांसाठी गुपचूप भेट आणायला निघायच्या, दोन वेगळ्या रस्त्यांनी, आणि दोघींच्या हातात तीच तंबाखूची डबी असायची. आई म्हणायची, एकच डोकं दोघींत वाटलंय. हेन्यालाही कुणीतरी भेटलं असणार. पुलाजवळचं सांगितलं असणार. मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणालं असणार. म्हणून तिनंही आपल्या पोरीचं नाव फ्रिमेत ठेवलं.

तिनं डोबामावशीला सगळं सांगितलं. मावशी ऐकताना आपल्याच हातांकडे बघत होती.

"तिथलं नाव तिथलेच बदलतील," ती म्हणाली. "तू फक्त ओ द्यायची नाही."

"एकदा सांगू दे ना तिला. मी जिवंत आहे, एवढंच."

"सांग की. पोर मारून सांग."

तेव्हापासून फ्रिमेतनं 'हं' म्हणणं सोडलं. झेलिगनं हाक मारली तरी ती मुकाट्यानं जाऊन त्याच्यासमोर उभी राहायची. "जीभ कुठं हरवलीस?" तो विचारायचा. पलीकडची हाक मात्र थांबत नव्हती. आधी लाडानं, मग काकुळतीनं, मग रडत. फ्रिमेत रुमालाचा बोळा दातांत धरायची आणि लंगोट धूत राहायची. बहीण हाक मारतेय, आणि आपण हातभर अंतरावर तोंड दाबून बसलोय, याच्यासारखं दुःख तिनं लढाईतसुद्धा पाहिलं नव्हतं.

७

त्यांचे अमेरिकेचे कागद आले. झेलिग बोचकी बांधायला दोरी आणायला गेला होता. दालन बरंच रिकामं होतं. अंगणात कुणाचं तरी लग्न होतं आणि सगळे तिकडं. आल्ते आता धरून बसवली की बसायची. गादीवर बसून ती लाकडी चमचा चोखत होती.

पलीकडे मूल कण्हत होतं. ते रडणं नव्हतं, रडायला लागणारी ताकद त्याच्यात उरली नव्हती. फ्रिमेत कांबळ्याकडे पाठ करून भांडी गुंडाळत होती.

मग हाक आली.

"आल्ते. आल्तेले."

फ्रिमेतच्या हातातलं भांडं खाली पडलं. बदललं! हेन्यानं नाव बदललं. म्हणजे तिला कळलं. फ्रिमेत जिवंत आहे हे हेन्याला कळलं. आता ओ दिली तरी चालेल, बोललं तरी चालेल, काही होणार नाही. फ्रिमेतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्या पाण्यातच ती हसली. तेच नाव सुचलं बघ हिला. एकाच आईच्या लेकी, दुसरं काय सुचणार?

आणि हे मनात म्हणून होतं न होतं, तोच तिचं हसू गेलं. एका नावाच्या पुन्हा दोघी झाल्या होत्या.

गादीवर पोरीनं चमचा टाकला होता. मान वळवून ती कांबळ्याकडे बघत होती.

"हं," पोर म्हणाली.

तान्ही मुलं असे आवाज काढतातच. पण पलीकडचं कण्हणं मधेच तुटावं तसं थांबलं.

"आल्ते?" पलीकडून आवाज आला. घाबरलेला. "आल्ते!"

पोरीनं पुन्हा तोंड उघडलं. फ्रिमेतनं झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. पोर हातपाय झाडायला लागली. फ्रिमेत कान देऊन ऐकत होती. अंगणातलं अकॉर्डियन वाजत होतं, लोक टाळ्या पिटत होते. त्या गोंगाटाखालून पलीकडचं कण्हणं पुन्हा सुरू होतंय का, एवढंच तिला ऐकायचं होतं. एकदा ऐकू आलं की हात काढणार होती. फक्त एकदा.

"हात काढ," कुणीतरी म्हणालं.

उजवीकडचं कांबळं धरून डोबामावशी उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मावशी, थांबा. ते मूल..."

"हात काढ गं." मावशी जवळ आली, गुडघ्यांवर बसली आणि फ्रिमेतचं एकेक बोट सोडवायला लागली. "आपल्याला वाटतं, थोडाच वेळ. मला विचार. काढ."

हात सुटला. पोरीनं मोठा श्वास घेतला, लाल झाली, आणि ठणठणीत आवाजात रडायला लागली. डोबामावशीनं तिला उचलून पोटाशी धरलं.

फ्रिमेतनं कांबळं ओढलं. खाट होती, पेंढ्याची गादी होती. ती तिथंच उभी राहून ऐकत राहिली. पलीकडे कुणी कण्हत नव्हतं, आणि कुणी हाकही मारत नव्हतं.